भर तलावात रिकामी टाकी

जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरून जाणाऱ्या बसच्या खिडकीतून पवईचा तलाव दोन-तीन मिनिटे दिसतो. रस्ता तुंबलेला असेल, म्हणजे बहुतेक दिवशी, तर जरा जास्त. पाणी कमी आणि जलपर्णी जास्त, एखादा बगळा, काठावर गळ टाकून बसलेला कुणी चिकाटीचा माणूस. तलाव काठोकाठ भरला तरी त्याच्या पाण्याचे क्षेत्रफळ 2.23 चौरस किलोमीटर. एवढ्याशा पाण्यात मधोमध एखाद्या होडीचे इंजिन खोकून बंद पडले तर त्यात काय मोठे? वल्हे काढावे, काठ गाठावा, रिक्षा करून पेट्रोल पंपावर जावे.

पण होडीतला माणूस असे करत नाही. त्याच्या पायाशी पाच लिटरचा डबा असतो. ‘एवढ्यासाठी काठावर कुठे जायचे?’ असे म्हणत तो डब्याचे बूच फिरवतो. लहान होड्यांच्या इंधनाची जी काही कहाणी आहे ती या एका वाक्यापाशी सुरू होते आणि कधी कधी तिथेच संपतेही. पवई असो, मालवण-देवबागची खाडी असो की कोयनेचा शिवसागर, पाणी बदलले तरी वाक्य बदलत नाही.

हा प्रकार जरा जवळून पाहण्यासारखा आहे. दोन ते सहा हॉर्सपॉवरच्या छोट्या आउटबोर्ड इंजिनाची टाकी बहुधा इंजिनाच्या डोक्यावरच बसवलेली असते, लिटर-दीड लिटरची. आणि आउटबोर्ड या नावातच आहे तसे इंजिन होडीच्या बाहेर, मागच्या फळीला टांगलेले. म्हणजे टाकी भरायची तर माणसाने होडीच्या अगदी शेवटी जायचे. त्याचे साठ-सत्तर किलो वजन मागे सरकले की होडीचे नाक वर उठते आणि मागची फळी पाण्याला टेकायला येते. मग गुडघ्यावर बसून, फळीवरून अर्धे अंग बाहेर काढून एका हातात डबा धरायचा आणि दुसऱ्या हातात नरसाळे. तिसरा हात तोल सांभाळायला लागतो. तो देवाने दिलेला नाही.

डबा तिरका केला की पेट्रोल सरळ धारेने येत नाही. आत हवा शिरायला जागा नसल्याने ते गुबुक्‌ गुबुक्‌ करत, थांबून थांबून, उसळ्या मारत येते. त्यातच शेजारून दुसरी बोट गेलेली असते आणि तिची लाट आता पोचते. नरसाळे टाकीच्या तोंडातून निसटते. कपभर पेट्रोल इंजिनाच्या गरम अंगावर, थोडे फळीवर, थोडे होडीच्या तळात आणि उरलेले पाण्यात. माणूस शिवी हासडतो, लुंगीने किंवा टी-शर्टने पुसतो, बूच लावतो आणि दोरी ओढून इंजिन सुरू करतो.

शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा काहीही होत नाही. म्हणून तर पुढच्या खेपेलाही तो तसेच करतो.

पेट्रोलला आग लागते म्हणतात, पण पेटते ती त्याची वाफ. पेट्रोलचा ज्वलनबिंदू उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. मुंबईत जानेवारीच्या सर्वात गार पहाटेही ते पेटण्याइतकी वाफ सोडतच असते, मग मे महिन्याच्या दुपारचे काय सांगावे. हवेत या वाफेचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के झाले की एक ठिणगी पुरते. डिझेलचे तसे नाही. ते तापवल्याशिवाय सहजी पेट घेत नाही. कोळीवाड्यातल्या मोठ्या बोटीचा तांडेल बोटीवर शेकडो लिटर डिझेल घेऊन चार-पाच दिवस समुद्रात निर्धास्त राहतो. पेट्रोलवरच्या लहान होडीला पाच लिटरसुद्धा डोळ्यांत तेल घालून सांभाळावे लागतात, त्याचे कारण हेच.

दुसरी गोष्ट याहून खोडसाळ. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. अंगणात पेट्रोल सांडले तर वाफ जमिनीलगत पसरते आणि वाऱ्याबरोबर निघून जाते. होडीला मात्र चारी बाजूंनी काठ असतात. होडी म्हणजे एक लांबोळकी परात. वाफ तिच्या तळाशी उतरते, फळ्यांखाली, दोरखंडाच्या वेटोळ्यात, बॅटरीच्या आसपास जाऊन बसते आणि तिथून हलत नाही. दिसत तर नाहीच, आणि उभ्या माणसाच्या नाकालाही चटकन कळत नाही, कारण ती असते त्याच्या घोट्याशी. म्हणून जाणते लोक भरून झाल्यावर खाली वाकून तळाशी नाक नेतात. वास पूर्ण गेल्याशिवाय ना दोरी ओढतात, ना बटण दाबतात. पाच मिनिटे थांबणे हा या सगळ्या व्यवहारातला सर्वात स्वस्त विमा आहे आणि तोच सर्वात कमी लोक उतरवतात.

आणि आग लागलीच तर? सभोवार पाणीच पाणी, पण त्यातला एक तांब्याही कामाचा नाही. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके. बादली ओतली की जळते पेट्रोल पाण्यावर स्वार होऊन होडीभर पसरते. इथे पावडरचा किंवा फेसाचा अग्निशामकच लागतो, आणि तोही टाकीला चिकटून ठेवून उपयोग नाही, कारण आग तिथेच असते. मोठ्या बोटीचेही जळणे किती झपाट्याचे असते ते 28 फेब्रुवारी 2025 च्या पहाटे अलिबागजवळ दिसले. मासेमारी बोटीला आग लागली, बोटीचा बहुतेक भाग जळाला, मात्र 18 खलाशी सुखरूप निघाले. ती मोठी बोट होती आणि मदत जवळ होती. बारा फुटी होडीत पळून जायला दुसरे टोकच नसते.

पवईचा तलाव पेट्रोलसाठी बांधलेला नाही हे उघड आहे. तो मुळात तहान भागवायला बांधला. विहार आणि तुळशी झाल्यावर, मुंबईला पाणी पुरेना म्हणून, मिठी नदीच्या एका उपप्रवाहावर बांध घालून 1890-91 च्या सुमारास तो उभा राहिला. खर्च 12 लाख 59 हजार रुपये, साठवण 545 कोटी लिटरच्या घरात. ज्या पवई इस्टेटीत तो झाला ती एकेकाळी फ्रामजी कावसजी बनाजींकडे होती. इतके करून पाणी पिण्याच्या लायकीचे ठरले नाही. आजही ते उद्योगांना आणि आरे दुग्ध वसाहतीला जाते. मग तलावाचा ताबा मिळाला मासे धरणाऱ्या हौशी मंडळींना. 1936 मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी अँगलिंग असोसिएशन झाली आणि 1955 पासून तीच महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन म्हणून ओळखली जाते. गळ टाकणाऱ्याला इंजिनाचा आवाज खपत नाही, त्यामुळे या पाण्यावर एरवी वल्ह्यांचेच राज्य राहिले. पाण्यात मगरी आहेत, ही बाब गुडघ्यावर बसून फळीबाहेर वाकणाऱ्याने लक्षात ठेवायला हरकत नाही.

तरीही हा तलाव या विषयाला मोजपट्टी म्हणून फार उपयोगी पडतो. पाण्यावर सांडलेल्या तेलाचा इंद्रधनुषी तवंग सर्वांनी पाहिलेला असतो. त्याची जाडी एक मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आसपास असते. हिशेब सोपा आहे. एक मिलिलिटर पेट्रोल एक मायक्रॉन जाडीने पसरले तर एक चौरस मीटर पाणी झाकते. कटिंग चहाचा ग्लास साधारण 100 मिलिलिटरचा धरला तर 100 चौरस मीटर. पवईच्या भाषेत सांगायचे तर हजार चौरस फुटांचा टू बीएचके, एका कटिंगमध्ये. पेट्रोलचा बराच भाग उन्हात उडून जातो हे खरे, पण त्यातली बेंझिनसारखी द्रव्ये जेवढा वेळ पाण्यात राहतात तेवढा वेळ माशांच्या पिल्लांना आणि बेडकांच्या अंड्यांना पुरेशी असतात. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलमध्ये तर तेल कालवलेले असते, बहुधा 50 लिटरला 1 लिटर या मापाने. ते तेल उडत नाही. त्यात वाहत्या खाडीत भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येऊन धुऊन नेते. बांध घातलेल्या तलावाला तीही सोय नाही. सांडलेला डाग घालवायला साबणाचे पाणी ओतणारे लोक आहेत. त्याने तवंग दिसेनासा होतो, कारण तेल फुटून खाली जाते. पाण्याचे मात्र दुप्पट नुकसान होते.

या गैरसोयीवर उपाय फार पूर्वी निघाला, आणि तो उपाय म्हणजे ओतायचेच नाही.

आउटबोर्ड इंजिनाची सुरुवात ज्या ओले एव्हिनरूडच्या नावाने सांगतात तो नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वाढलेला यंत्रकारागीर. 1906 च्या उन्हाळ्यात तळ्याकाठी सहलीला गेला असता वल्ही मारत आइस्क्रीम आणायला गेला, परत येईपर्यंत ते वितळले, आणि तिथून त्याच्या डोक्यात इंजिन शिरले अशी कथा आहे. 1909 मध्ये त्याने दीड हॉर्सपॉवरचे, 62 पौंड वजनाचे इंजिन विक्रीला आणले. त्याच्या नावाचे आउटबोर्ड बनणे 2020 मध्ये थांबले. पण पहिली चाळीस वर्षे साधारणपणे टाकी इंजिनाच्या अंगावरच असायची आणि लोक वर वर्णन केलेली कसरत करत राहिले. 1949 मध्ये जॉन्सन कंपनीने दहा हॉर्सपॉवरच्या इंजिनाबरोबर सुटी टाकी दिली, होडीत पायाशी ठेवायची, नळीने जोडायची. दिसायला किरकोळ सुधारणा, पण तिने प्रश्नच बदलून टाकला. पेट्रोल संपले तर टाकीत पेट्रोल भरण्याऐवजी भरलेली दुसरी टाकी जोडता येऊ लागली.

आज मालवणात यामाहा किंवा सुझुकीच्या इंजिनाला जोडलेली लाल टाकी दिसते ती याच वंशातली. बहुधा 24-25 लिटरची. बदलण्याची रीत अशी की इंजिन बंद करायचे, नांगर टाकायचा म्हणजे होडी वाऱ्याकडे नाक करून स्थिर राहते, प्रवाशांना जागेवर बसवायचे, विडी-सिगारेट आणि मोबाइल बाजूला. टाकीच्या तोंडाला असलेली कळ दाबली की नळी सुटते. दोन-चार थेंब पडतात, त्यासाठी हातात फडके हवे. नळी दुसऱ्या टाकीला ‘टक्‌’ आवाज येईपर्यंत बसवायची. त्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा छोटा स्क्रू सैल करायचा. नळीच्या मधोमध रबराचा एक फुगा असतो, त्यावर बाण काढलेला असतो. बाण इंजिनाकडे ठेवून तो फुगा हातात टणक लागेपर्यंत दाबायचा. झाले. सारा खेळ एका मिनिटाचा, आणि त्यात पेट्रोलला मोकळी हवा लागत नाही.

यात नवशिक्या माणसाचा हमखास घोटाळा होतो तो त्या हवेच्या स्क्रूवर. तो बंद राहिला तर टाकीतून पेट्रोल जाते पण हवा आत येत नाही. पाच-सात मिनिटे इंजिन मजेत चालते, मग दम लागल्यासारखे होते आणि बंद पडते. टाकीच्या बाजू आत चेपलेल्या दिसतात. माणूस समजतो पेट्रोल संपले आणि डब्याचे बूच फिरवायला घेतो. भरलेल्या टाकीत पेट्रोल ओतणारे लोक असेच तयार होतात. उलट, वाहून नेताना तो स्क्रू घट्ट हवा, नाहीतर उन्हात फुगलेली वाफ गाडीच्या डिकीत उतरते.

चार-सहा हॉर्सपॉवरच्या पुष्कळ छोट्या इंजिनांनाही बाहेरची टाकी जोडायची सोय असते. ज्यांना नसते त्यांच्यासाठी शहाणपण एवढेच की पाच लिटरचा डबा पाण्यात नेऊ नये. लिटरभराचे घट्ट झाकणाचे धातूचे भांडे न्यावे, म्हणजे एका भांड्यात एक टाकी होते, ओसंडायला उरतच नाही. हाताने दाबायचा सायफन मिळतो, तो नरसाळ्यापेक्षा शंभर पटीने बरा. तोंडाने ओढायचा पाइप मात्र रॉकेलच्या जमान्यातच राहू द्यावा. पेट्रोलचा एक घोट फुप्फुसात गेला तर पुढचे काम डॉक्टरांचे.

खरे तर इंधनाचा निर्णय पाण्यात होत नाही. तो काठावरच व्हायला हवा आणि त्यासाठी पाढे यावे लागतात. फोर-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात दर हॉर्सपॉवरमागे ताशी साधारण 0.35 ते 0.4 लिटर पेट्रोल पिते. म्हणजे 25 हॉर्सपॉवरचे इंजिन तासाला नऊ-दहा लिटर आणि 24 लिटरची टाकी अडीच तास. जुने टू-स्ट्रोक असेल तर आणखी लवकर खलास. जगभर नावाडी एक तृतीयांशाचा नियम सांगतात. टाकीतला तिसरा हिस्सा जाण्याला, तिसरा येण्याला आणि तिसरा नशिबाला. वारा समोरून आला, ओहोटी लागली, कुणाला ओढून आणावे लागले तर तो शेवटचा हिस्सा.

बामणोलीहून वासोट्याला जाणाऱ्यांना हा हिशेब अंगवळणी पडलेला आहे. शिवसागरातून जायला तास-दीड तास, यायला तेवढाच, आणि पलीकडे कोयना अभयारण्याचे रान. तिथे पेट्रोल पंप काय, पानाची टपरीही नाही. त्या पाण्यात ‘एवढ्यासाठी काठावर कुठे जायचे’ असे म्हणायची चैन नसते, कारण काठावर जाऊनही काही मिळत नाही. मुंबईकराला मात्र कुठेही काहीतरी मिळेलच अशी खात्री असते. तीच त्याला पाण्यात नडते.

मग काठावरचे पेट्रोल होडीपर्यंत येते कसे, हा वेगळाच तमाशा आहे. ससून डॉक किंवा वर्सोव्यासारख्या ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांचे डिझेल पंप आहेत, यांत्रिक मासेमारी नौकांना डिझेलवरच्या कराचा परतावाही मिळतो, तो वेळेवर मिळत नाही ही त्यांची कायमची तक्रार. ही सारी व्यवस्था डिझेलची. पेट्रोलवर चालणाऱ्या लहान होडीच्या वाट्याला रस्त्यावरचा पंप येतो. आणि रस्त्यावरच्या पंपावर ‘सुट्या बाटलीत पेट्रोल मिळणार नाही’ अशी पाटी असते. ती पाटी चुकीची नाही, बाटलीतल्या पेट्रोलने काय काय होऊ शकते हे पोलिसांना ठाऊक आहे. पण नावाड्याने करायचे काय? तो ओळखीच्या पोऱ्याला गाठतो, मोटारसायकलच्या टाकीत भरून घेतो आणि धक्क्यावर नळी घालून काढतो. म्हणजे जे काम पंपावर एकदा, मोजून, जमिनीवर झाले असते ते दोनदा, अंदाजाने, माणसांच्या गर्दीत होते.

कायदा काय म्हणतो ते ऐकण्यासारखे आहे. 1934 च्या पेट्रोलियम कायद्याचे आठवे कलम सांगते की विक्रीसाठी नसलेले 30 लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येते. मात्र ते घट्ट बुचाच्या भांड्यात हवे. काच किंवा चिनी मातीचे असेल तर एका लिटरपर्यंत, धातूचे असेल तर 25 लिटरपर्यंत. प्लॅस्टिकचे नावच नाही, कारण 1934 मध्ये प्लॅस्टिकचे डबे कुणाच्या घरात नव्हते. आज धक्क्यावर दिसणारा डबा बहुधा खाद्यतेलाचा किंवा पाण्याचा, पांढरट प्लॅस्टिकचा असतो. इंजिनाबरोबर येणारी लाल टाकीही प्लॅस्टिकचीच असते, पण ती खास इंधनासाठी बनवलेली. तेलाचा पांढरा डबा पेट्रोलने मऊ पडतो, त्याचे बूच वाफेच्या दाबाने सैल होते, आणि ओतताना त्यावर साचलेली स्थिर वीज जायला वाट नसते. म्हणूनच डबा गाडीवर ठेवून भरायचा नाही, जमिनीवर टेकवून, नळीचे तोंड त्याच्या काठाला लावून भरायचा. पंपावरचा माणूस हे सांगत नाही, कारण त्याच्या दृष्टीने डबा मुळात आलेलाच नाही.

त्यात आता पेट्रोलही बदलले आहे. 2025 पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. गाडीच्या मायलेजवर त्याने काय परिणाम होतो यावर घराघरांत वाद झाले. होडीच्या बाबतीत प्रश्न मायलेजचा नाही. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाण्यावर तरंगणाऱ्या, हवेसाठी स्क्रू उघडा ठेवलेल्या, पावसाळी दमट हवेत महिनाभर अर्धवट भरून पडलेल्या टाकीला पाण्याची वाण नसते. ठराविक मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. नळीचे तोंडही तळाशीच असते. इंजिन पहिला घोट घेते तो त्याचाच. बहुतेक आउटबोर्ड कंपन्या आपल्या माहितीपुस्तकात 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे सांगत आल्या आहेत. तेव्हा ज्याचे इंजिन भर पाण्यात बंद पडते त्याची टाकी रिकामी असेलच असे नाही. जुने पेट्रोल टाकीत साठवून न ठेवणे, आणि नळीत पाणी वेगळे काढणारा फिल्टर लावणे, एवढे दोन उपाय आहेत. दुसरा काही हजारांचा, पहिला फुकट.

ज्या पाण्यात काठावर जाणे शक्यच नसते असेही एक पाणी आहे, ते म्हणजे पुराचे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्यात 73. विहार आणि पवई तुडुंब भरून मिठीत सांडले, आणि कुर्ला, कलिना, वांद्रे-कुर्ला संकुल पाण्याखाली गेले. पवईचे जादा पाणी मिठीतून माहीमच्या खाडीला जाते, हे त्या दिवशी कळलेले मुंबईकर पुष्कळ होते. त्यानंतर शहराने बोटी घेतल्या, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके पावसाळ्यात मुंबईत तळ ठोकू लागली. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली तेव्हा सुमारे 1050 प्रवासी काढले गेले. त्यात रबरी बोटींचा वाटा मोठा होता. रबरी बोटीला मागे आउटबोर्ड असते आणि ती दिवसभर फेऱ्या मारते.

पुरात पेट्रोलचे गणित सर्वच बाजूंनी फसते. पंप पाण्यात, रस्ता पाण्यात, पंपाच्या भूमिगत टाकीत पाणी शिरलेले. कचरा, पोती, साड्या पंख्यात अडकतात आणि इंजिन दुप्पट पेट्रोल खाते. बोटीत घाबरलेली माणसे, कुणाच्या हातात कंदील, कुणाच्या खिशात काडेपेटी. अशा वेळी बोटीतच डबा उपडा करणे म्हणजे वाचवलेल्यांना पुन्हा संकटात घालणे. इथेही अक्कल तीच चालते. भरलेल्या टाक्या आधीच एखाद्या उंच जागी, देवळाच्या ओट्यावर किंवा शाळेच्या जिन्यात रांगेने ठेवायच्या, प्रवासी उतरवून झाले की रिकामी टाकी खाली, भरलेली वर. पेट्रोल ओतण्याचे काम एका माणसाला, एकाच ठिकाणी, आगीपासून लांब. पावसाळ्याआधीच्या सरावात बोटी फुगवून दाखवतात, इंजिन सुरू करून दाखवतात, फोटो निघतात. टाकी बदलण्याचा सरावही त्यात हवा. त्याचा फोटो चांगला येत नाही, हे मान्य.

पवईत मात्र याची खरी परीक्षा पुराच्या दिवशी नसून अनंत चतुर्दशीच्या रात्री असते. गणेश घाट हे पूर्व उपनगरातले मोठे विसर्जनस्थळ. विसर्जनासाठी महापालिका शहरभर जीवरक्षक, तराफे आणि मोटरबोटी तैनात करते. संध्याकाळी सुरू झालेले काम दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चालते. कोणतीच टाकी एवढी मोठी नसते. म्हणजे रात्रीत दोन-तीनदा तरी मोटरबोटीला पेट्रोल लागणारच. आणि त्या रात्री काठावर काय काय असते? आरतीची निरांजने, कापूर, उदबत्तीचे जुडगे, ढोलपथकापुढच्या मशाली, फटाके. भर पाण्यात ओतणे धोक्याचे, आणि काठ त्याहून पेटता. अशी रात्र वर्षातून एकदाच येते.

त्या रात्रीसाठी घाटाच्या एका टोकाला दोरी लावून वीस-पंचवीस फुटांची जागा राखून ठेवायला काय हरकत आहे? तिथे ना मंडळ, ना निरांजन. दोन भरलेल्या टाक्या, एक पावडरचा अग्निशामक, एक बादली कोरडी वाळू आणि एक माणूस, ज्याचे दुसरे काही काम नाही. बोट येऊन लागेल, इंजिन बंद होईल, रिकामी टाकी उतरेल, भरलेली चढेल. पाच मिनिटे. मंडपातल्या विजेच्या जोडणीसाठी आणि मूर्तीच्या उंचीसाठी आपल्याकडे नियमावल्या आहेत. मोटरबोटीच्या पेट्रोलसाठी दोन ओळी त्यात बसतील.

आणि पुढच्या अनंत चतुर्दशीला घाटावर एखादी मोटरबोट काठाला लागलेली, तिचे इंजिन शांत आणि खलाशी लाल टाकी उतरवताना दिसला, तर हातातली उदबत्ती आणि फटाका घेऊन दहा पावले मागे सरका. बाप्पा थांबतील.